नव्वद दिवसांच्या आतला वकील

प्रति,
सदस्य सचिव,
महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण, मुंबई

विषय : दिव्यांगत्वाच्या लाभांचे दावे आणि त्यांतील वकिलाची मदत



विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रात इतर अर्जदारांसाठी वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना ती लागत नाही. याच अधिनियमाच्या कलम २ मधील ‘विधी सेवा’ची व्याख्या सैल हाताने लिहिलेली आहे. न्यायालय, न्यायाधिकरण किंवा अन्य प्राधिकरणासमोरील कामकाजातील कोणतीही सेवा तीत येते, शिवाय कोणत्याही कायदेशीर बाबीवरचा सल्लाही येतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाकारले गेले, निराधार अनुदानाचा अर्ज पडून राहिला, अपघातानंतर भरपाई तुटपुंजी ठरली, तर या प्रत्येक वेळी सरकारी खर्चाने वकील देता येतो. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही.

अडचण आहे ती हा वकील कोठे बसतो याची. जिल्हा प्राधिकरण जिल्हा न्यायालयात, तालुका समिती तालुक्याच्या न्यायालयात. दिव्यांगत्वाचे वाद मात्र सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डासमोर आणि तहसील कचेरीत जन्माला येतात आणि बहुतेक वेळा तेथेच विझतात.

कलम १२ मधील दिव्यांग व्यक्तीची व्याख्या अजूनही १९९५ च्या जुन्या कायद्याकडे बोट दाखवते. त्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. तो रद्द होऊन दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार एकवीस झाले. रद्द होऊन नव्याने केलेल्या कायद्याचा उल्लेख नव्या कायद्याचा समजावा, हे सर्वसाधारण परिभाषा अधिनियम, १८९७ मध्येच सांगितले आहे. त्यामुळे विदर्भातील किंवा नंदुरबारमधील सिकलसेलचा रुग्ण, थॅलेसेमियाचे मूल, पार्किन्सन्सचा रुग्ण आणि ॲसिड हल्ल्यातील पीडिता हे सगळे आज मोफत वकिलाचे हक्कदार आहेत. २०१६ च्या कायद्यातील ‘दिव्यांग व्यक्ती’च्या व्याख्येत टक्केवारीही नाही. चाळीस टक्क्यांची रेघ ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’साठी, म्हणजे आरक्षण आणि बहुतेक योजनांसाठी आहे. वकिलासाठी ती नाही. ज्याचे भांडणच प्रमाणपत्राचे आहे, त्याच्याकडे वकील देण्याआधी प्रमाणपत्र मागणे कायद्याच्या शब्दांत बसत नाही आणि साध्या तर्कातही बसत नाही.

दाव्याची सुरुवात प्रमाणपत्रापासून होते. १ जून २०२१ पासून ते फक्त यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्राच्या, संकेतस्थळावरून दिले जाते. अर्ज भरायचा, ठरलेल्या दिवशी बोर्डासमोर जायचे, तपासणी होते आणि मग घरी सगळे एकच प्रश्न विचारतात : किती टक्के बसले? चाळीसच्या आत बसले तर पांढरे कार्ड, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळे, ऐंशी आणि त्यावर निळे. एकोणचाळीस आणि चाळीस यांच्यात वैद्यकीयदृष्ट्या काय फरक आहे हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही, पण निराधार अनुदान आणि नोकरीतील चार टक्के आरक्षण त्याच फटीतून आत येते किंवा बाहेर राहते. ऐंशीच्या रेघेवर आणखी एक योजना उभी आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनात केंद्राचे दरमहा ३०० रुपये मिळतात, तेही दारिद्र्यरेषेखालील कुटुंबालाच.

टक्केवारी काढण्याची रीत केंद्राने अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दिलेली आहे आणि तीत चूक होऊ शकते. एका व्यक्तीला दोन प्रकारचे दिव्यांगत्व असेल तर टक्के सरळ बेरजेने काढत नाहीत. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा एक भाग मिळवला जातो आणि तो भाग ९० मधून मोठा आकडा वजा करून, ९० ने भागून ठरतो. एका पायाचे ३० टक्के आणि कानाचे २० टक्के असतील तर ९० मधून ३० गेले, उरले ६०. २० ला ६० ने गुणून ९० ने भागले की १३.३ येतात. एकूण ४३.३ टक्के. अस्थिरोग विभागाने ३० लिहिले, कान-नाक-घसा विभागाने २० लिहिले आणि दोन्ही कागद एकत्र करायला कोणी सांगितले नाही, तर माणूस दोन्हीकडून नापास होतो. हा दोष डॉक्टरांच्या हेतूचा नसतो. बोर्डाच्या दिवशी रांग मोठी असते आणि प्रत्येक विभाग आपल्यापुरता कागद पाहतो. फाइल आडवी-उभी वाचणारा माणूस त्या खोलीत नसतो.

असा निर्णय चुकीचा वाटला तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे. नियमांप्रमाणे ते नव्वद दिवसांत करायचे असते, अपील अधिकाऱ्याने अर्जदाराचे म्हणणे ऐकून कारणांसह आदेश द्यायचा असतो आणि अपिलाचा निकाल साठ दिवसांच्या आत लागायला हवा. दिव्यांगत्वाच्या सबंध व्यवस्थेत वकिलाचा खरा उपयोग सर्वांत जास्त येथे आहे आणि वकील सर्वांत कमी दिसतो तोही येथेच. टक्के कमी बसले की पुन्हा नवा अर्ज करावा किंवा दुसऱ्या जिल्ह्यात जावे, असा सल्ला गावोगाव मिळतो. अपिलाचे नाव कोणी काढत नाही. नव्या अर्जात आधीची चूक तशीच राहते आणि दरम्यान नव्वद दिवस उलटतात.

अपिलात वकिलाने करायचे काम लांबलचक युक्तिवादाचे नसते. बोर्डाच्या नोंदींची नक्कल मिळवणे, मार्गदर्शक तत्त्वांतील नेमका तक्ता शोधणे, कोणती चाचणी झालीच नाही ते दाखवणे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून नेमक्या प्रश्नांची लेखी उत्तरे आणणे, एवढे केले तरी बरेच साधते. ‘रुग्णाला त्रास आहे’ असे पत्र कुचकामी ठरते. ‘रुग्णाला आधाराशिवाय किती वेळ उभे राहता येते, महिन्यातून किती वेळा रक्त द्यावे लागते, झटके किती दिवसांनी येतात’ याची उत्तरे उपयोगी पडतात. बोर्डाने कारणे द्यावीत या आग्रहाला सर्वोच्च न्यायालयाचे पाठबळही आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध गेलेल्या एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले, की केवळ चाळीस टक्क्यांचा आकडा गाठला म्हणून उमेदवार अपात्र ठरत नाही. तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल की नाही हे मंडळाने तपासले पाहिजे आणि नकार असेल तर त्याची कारणे नोंदवली पाहिजेत. तेथे आकडा उमेदवाराच्या विरोधात वापरला गेला होता, पण कारणांचा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागतो.

येथे एक मर्यादा स्पष्ट हवी. खोटे दिव्यांगत्व दाखवून लाभ घेणे कलम ९१ खाली गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे गाजल्यापासून पडताळणी कडक झाली आहे आणि ती व्हायलाच हवी होती. तिचा जाच मात्र खऱ्या अर्जदारालाही होतो, कारण संशयाचे ओझे त्याच्यावर येते. आपल्याकडे आलेला दावा टिकणार नाही हे दिसल्यावर तसे तोंडावर सांगणे हे चांगल्या वकिलाचे पहिले काम.

प्रमाणपत्र हाती आल्यावर तहसील कचेरी. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. लाभार्थी तिला अजून ‘पगार’ म्हणतात : पगार चालू झाला, पगार अडकला. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ही रक्कम दरमहा २,५०० रुपये आहे. त्यांच्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ५०,००० रुपये आहे, इतरांसाठी २१,०००. अर्जाला वयाचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा दाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्र लागते, मग समितीची बैठक होते, आणि ‘कमिटी बसली नाही’ या तीन शब्दांवर कित्येक महिने निघून जातात. या टप्प्यावर वकील नको, असे सरळ म्हटले पाहिजे. कागद जमवून देणारा, पोच घेऊन ठेवणारा आणि तारखा लिहून ठेवणारा प्रशिक्षित विधी स्वयंसेवक पुरतो. अर्ज अडला तर माहितीच्या अधिकाराखाली तीस दिवसांत उत्तर मागता येते. दाखलाच मिळत नसेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते. दोन्ही कामे साध्या कागदावर होतात.

नकार आला की मात्र कायद्याचा प्रश्न उभा राहतो. प्रमाणपत्राला कायद्यातच अपील आहे. संजय गांधी योजना शासन निर्णयांवर चालते. त्यामुळे तिच्या नकाराविरुद्ध लढण्याचा मार्ग वेगळा आहे. आधी लेखी कारण मागायचे, मग वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे निवेदन, राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार आणि शेवटी उच्च न्यायालयात रिट याचिका. २०१६ च्या कायद्याचे कलम २४ येथे हातात घेण्याजोगे आहे. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा किमान पंचवीस टक्क्यांनी जास्त असावी, असे ते सांगते.

या टप्प्यावर खासगी वकील का सापडत नाही, याचे उत्तर पैशांत आहे. अमेरिकेतील सामाजिक सुरक्षेच्या दिव्यांगत्व विम्यात अर्जदाराचा वकील आगाऊ एक पैसाही घेत नाही. दावा जिंकला तर थकबाकीच्या पंचवीस टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम यांपैकी जे कमी असेल ते मिळते. ही कमाल रक्कम नोव्हेंबर २०२४ अखेरीस ७,२०० वरून ९,२०० डॉलर झाली. सरकारच ती थकबाकीतून कापून वकिलाला देते, दावा हरला तर फी नाही. पात्र ठरलेल्या बिगर-वकील प्रतिनिधींनाही अशीच फी मिळू शकते. त्यामुळे तेथे केवळ याच कामावर जगणारी कार्यालये आहेत. या पद्धतीत खोटही आहे. फी थकबाकीवर असल्याने निकाल जितका लांबेल तितकी थकबाकी वाढते, आणि वकिलाला दोनदा नकार खाल्लेल्या, न्यायाधीशासमोर सुनावणीला आलेल्या अर्जदारात जास्त रस असतो.

भारतात हा मार्ग बंद आहे. निकालावर अवलंबून असणारी किंवा मिळकतीत वाटा मागणारी फी वकिलाने ठरवू नये, असा भारतीय विधिज्ञ परिषदेचा नियम आहे. तेलंगणातील एका मोटार अपघात भरपाईच्या प्रकरणात, टक्केवारीने मागितलेली फी बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. नियम योग्य आहे. पण तो बाजूला ठेवला तरी गणित जमत नाही. वर्षाचे तीस हजार, त्याचा चतुर्थांश साडेसात हजार, आणि त्यासाठी मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात याचिका, नाहीतर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचवर. कोणताही वकील हे काम पोटासाठी करणार नाही. ही पोकळी तहसील कचेरीबाहेरच्या एजंटाने भरून काढली आहे. टक्केवारी वकिलाला निषिद्ध आहे आणि एजंटाचा सगळा धंदाच टक्केवारीवर चालतो. म्हणूनच सरकारी खर्चाचा वकील या क्षेत्रात दयेपोटी दिलेली सोय ठरत नाही. त्याच्याशिवाय येथे दुसरा वकीलच नाही.

अपघातातून आलेल्या दिव्यांगत्वाचे तसे नाही. तेथे रक्कम मोठी असते, त्यामुळे वकील स्वतःहून, कधी कधी थेट वॉर्डात, येऊन भेटतात. अशा दाव्यांत सर्वांत महागात पडते ती प्रमाणपत्रावरचा आकडा जसाच्या तसा दाव्यात उतरवण्याची सवय. प्रमाणपत्र शरीराची हानी मोजते. भरपाई कमाईच्या क्षमतेच्या हानीवर ठरते. सिनेमागृहाच्या सजावटीचे काम करताना पडलेल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. कामगार भरपाई कायद्याच्या अनुसूचीत त्या इजेला शंभरापेक्षा कमी टक्के होते. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान शंभर टक्के, हा भरपाई आयुक्तांचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली कायम केला. पुढे राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात मोटार अपघातांसाठी हाच विचार नीट मांडला गेला. तोच हात गमावलेल्या चालकाची कमाई जवळजवळ संपते, सरकारी कारकुनाची तितकी नाही. वकिलाला हे माहीत आहे की नाही, यावर कुटुंबाच्या पुढच्या वीस वर्षांचे उत्पन्न ठरू शकते. डॉक्टरला केवळ टक्केवारी विचारणारा वकील आणि ‘हा माणूस पूर्वीचे काम करू शकेल का’ असे विचारणारा वकील यांच्या दाव्यांच्या रकमांत मोठी तफावत पडते.

सरकारी सेवेतील माणसाला वेगळे संरक्षण आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर त्याला काढता येत नाही की खालच्या पदावर नेता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद, ते नसेल तर अधिसंख्य पद, असे कलम २० म्हणते. येथे वकिलाचा सल्ला लागतो तो स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी. सहीनंतर हे संरक्षण सिद्ध करणे अवघड होते. सरकारी कर्मचाऱ्याच्या, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, हेही अनेक घरांत आई-वडील दोघे गेल्यावरच कळते.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेले मूल अठरा वर्षांचे झाले की बँक पालकत्वाचा कागद मागते. येथे वकिलाने दिलेला सर्वांत चांगला सल्ला न्यायालयात न जाण्याचा असतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. तेथे दावा दाखल करावा लागत नाही.

पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करायला वकील सक्तीचा नाही. साक्षीदार आणि कागदपत्रे बोलावण्यापुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयुक्तांना आहेत, पण शेवटी ते शिफारस करतात. शिफारस मिळालेल्या कार्यालयाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी किंवा न स्वीकारण्याची कारणे द्यावीत, असे कलम ८१ सांगते. चौथा महिना लागताच पत्र पाठवणारा कोणी असला तर शिफारशीला वजन येते. नसला तर ती फाइलमध्ये राहते.

वकील खासगी असो की विधी सेवेच्या पॅनेलवरचा, काही गोष्टी पक्षकाराला पहिल्याच भेटीत कळायला हव्यात. मूळ प्रमाणपत्र वकिलाकडे ठेवायचे नाही, छायाप्रत द्यायची. वकालतनाम्याची एक प्रत स्वतःकडे हवी. खासगी वकिलाची फी लेखी ठरवावी आणि पावती घ्यावी. पॅनेलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे मागणे हा गैरवर्तनाचा प्रकार आहे, मग त्याला ‘टायपिंगचे’ म्हणा की ‘येण्याजाण्याचे’. न्यायालयीन शुल्क आणि नकलांचा खर्चही मोफत सेवेत येतो. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवून दिले आहे. तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते. आणि १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक देशभर चालतो, पण ऐकू न येणाऱ्याला त्याचा उपयोग कसा व्हावा, याचा विचार सेवा देणाऱ्यानेच केला पाहिजे.

राज्य प्राधिकरणाकडून अपेक्षित गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. टक्के चाळीसच्या आत बसल्याचा कागद अर्जदाराच्या हाती पडतो, त्याच कागदावर मराठीत दोन ओळी छापाव्यात : या निर्णयाविरुद्ध नव्वद दिवसांत अपील करता येते आणि त्यासाठी वकील मोफत मिळतो. त्यासाठी आरोग्य विभागाशी बोलावे लागेल, पण यात नाही म्हणण्यासारखे काही नाही. बोर्डाच्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एक विधी स्वयंसेवक बसवावा. नकाराचा तो कागद हाच कलम १२ खालच्या पात्रतेचा प्रथमदर्शनी पुरावा मानावा आणि दिव्यांग अर्जदाराकडे उत्पन्नाचा दाखला मागू नये, अशा सूचना तालुका समित्यांना लेखी जाव्यात. प्रत्येक जिल्ह्याच्या पॅनेलवर मूल्यांकनाची मार्गदर्शक तत्त्वे वाचलेले दोन-तीन वकील तरी असावेत. हे शिकायला आठवडाभराचे प्रशिक्षण पुरेल. मूकबधिर पक्षकारासाठी सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा खर्च वकिलाच्या मानधनाबरोबरच मंजूर व्हावा. पहिल्या मजल्यावरची, जिना चढून जावी लागणारी विधी सेवा कार्यालये तळमजल्यावर आणावीत, आणि ते होईपर्यंत दिव्यांगांचे अर्ज घेण्यासाठी एक टेबल खाली मांडावे.

प्रत : आयुक्त, दिव्यांग कल्याण, महाराष्ट्र राज्य, पुणे